महजर आणि रस्त्याची संमति

महजर या शब्दाचें मूळ अरबी असून आपल्या नित्याच्या ‘हजर’ या शब्दाचेंहि मूळ तेंच, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. ज्या कागदाचा प्राण हजेरींत असतो तो महजर. म्हणून असा कागद हातीं येतांच आपण निवाड्याकडे मागाहून वळतों. आधीं पाहतों तें सभेस कोण बसले होते हें. देशमुख, देशपांडे, मोकदम, शेटे, महाजन, मग बलुते. आणि ज्यांस अक्षर येत नसे त्यांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा. तंटा शिवेचा असल्यास महाराची साक्ष मोलाची, कारण शीव पायांनीं जाणणारा तोच.

हें प्रास्ताविक करण्याचें कारण असें कीं, गडचिरोली जिल्ह्यांतील ग्रामसभा रस्त्यांविषयीं जे ठराव करतात ते याच जातीचे कागद होत, व त्यांची परीक्षाहि याच रीतीनें झाली पाहिजे.

प्रथम रस्त्याची गरज. ती कोणी हलकी मानूं नये. आमच्या करकंबाच्या काळ्या रानांत पावसाळ्यांत आंसापर्यंत रुतलेली गाडी ज्यानें खांदा लावून काढली आहे, त्याला बारमाही वाटेचें मोल शिकवावें लागत नाहीं. भामरागडची स्थिति तर याहून बिकट. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या तीन नद्या तेथें मिळतात, आणि पूर आला कीं पर्लकोटेवरील वाट पाण्याखालीं जाऊन पलीकडील गांवें तुटत, असें वर्षानुवर्षें घडत आलें. आजाऱ्यास खाटेवर घालून रानांतून वाहून आणण्याचे प्रसंग त्या भागांत आले आहेत. १९७३ पासून हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्पाचें काम चालत आलें आहे. तेथील दवाखान्यापर्यंत पोहोंचणें हेंच पुष्कळदां उपचाराहून कठीण.

असें असतांना २०२३ सालीं एटापल्ली तालुक्यांतील तोडगट्टा येथें अनेक गांवांचे आदिवासी रस्त्यांच्या विरोधांत महिनेच्या महिने धरणें धरून बसले. नोव्हेंबरांत पोलीस कारवाईनें तें धरणें उठलें. यांत वरकरणी विसंगति दिसते. परंतु त्यांचें म्हणणें ऐकिलें म्हणजे ती उरत नाहीं. शाळा हवी, दवाखाना हवा, गांवाच्या मापाची वाटहि हवी; जो रुंद रस्ता डोंगरांतील लोहखनिज बाहेर नेण्याकरितां येत आहे, तो नको. सरकारपक्षीं सुरक्षिततेचा व विकासाचा मुद्दा आहे, तोहि खोटा म्हणवत नाहीं. मात्र वाट कोणाच्या पायांसाठीं, हा प्रश्न आपल्या इतिहासास नवा नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत किल्ल्याची सुगम वाट अवघड करावी व गडाभोंवतालची झाडी राखावी असा उपदेश आहे. दुर्गमता हीच कधीं कधीं तटबंदी असते, हें अमात्यांस कळत होतें; माडियांस तें कळूं नये असें कां मानावें?

त्याच आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाविषयींचें प्रकरण प्रसिद्धच आहे. आंबे, फणस रयतेनें लेकराप्रमाणें वाढविलेले. ते तोडूं नयेत. जीर्ण झालेलें एखादें झाड हवेंच असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें घ्यावें. राज्य ज्यांचें, आरमार ज्यांचें, त्यांनींहि एका झाडासाठीं मालकाचा संतोष मागावा, ही तेथील मर्यादा.

आजच्या कायद्यांत ही मर्यादा शब्दाशब्दाला बदलते. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांत भूसंपादनापूर्वीं ग्रामसभेचा अथवा योग्य स्तरावरील पंचायतीचा विचार घ्यावा एवढेंच सांगतो. २००६ चा वनहक्क कायदा पुढें जातो: एक हेक्टराहून कमी वनजमीन व हेक्टरीं पंचाहत्तरांहून अधिक नाहींत इतकीं झाडें लागणाऱ्या रस्त्यासारख्या कामासहि ग्रामसभेची शिफारस लागते. पुढें ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्रीय परिपत्रकानें रस्ते, कालवे इत्यादि रेषाकृति कामांना ग्रामसभेच्या संमतीच्या अटींतून वगळलें. परंतु आदिम जमातींच्या मान्य हक्कांस बाध येत असल्यास ही सूट नाहीं. माडिया गोंड याच वर्गांत मोडतात. हा अपवाद परिपत्रकाच्या एका वाक्यांत आहे आणि तेवढ्याच वाक्यावर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे.

संस्कृताच्या जुन्या विद्यार्थ्यास येथें दोन शब्द आठवतात. ‘अनुमति’ आणि ‘संमति’, दोहोंत धातु एकच, मन्. एकींत दुसऱ्यानें ठरविल्यावर मागून मन वळवावयाचें. दुसरींत सर्वांनीं एकत्र बसून विचार करावयाचा. सरकारी कागदांत दोन्ही एकाच अर्थीं येतात. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें मात्र हा भेद आचरणांत आणला. तेथें निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वसहमतीनें होतो. आणि त्यापूर्वीं अभ्यासगटांत विषयाची फोड होते. २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क त्या गांवास मिळाला. ओडिशांतील नियमगिरीवरहि सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निकालानंतर बारा ग्रामसभा जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखालीं भरल्या व बाराहि ठिकाणीं खाणीस नकार मिळाला.

आतां कागदाची परीक्षा. वनहक्क नियमांत २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें ग्रामसभेस निम्मे सभासद हजर पाहिजेत व हजर असलेल्यांत तृतीयांश तरी स्त्रिया पाहिजेत. जुन्या महजरांत स्त्रियांचीं नांवें क्वचितच सांपडतात. या बाबतींत नवा कागद उजवा म्हटला पाहिजे. परंतु सह्यांची यादी पुरी भरली म्हणजे काम झालें असें नाहीं. रस्ता कोठून कोठें, किती रुंद, कोणाच्या वाहतुकीसाठीं, हें सभेपुढें मांडलें होतें काय? ठराव सभेंत लिहिला कीं तयार होऊन आला? ‘हो, पण’ असें जें कोणी म्हटलें असेल, त्यांतील ‘पण’ उतरला आहे काय? महजरांत वादी व प्रतिवादी दोघांच्या तकरीरा येत. एकाच पक्षाचें बोलणें असलेला कागद आपण संशयानें पाहतों, तसाच हाहि पाहावा.

एक अडचण मात्र महजराच्या परीक्षेनेंहि सुटत नाहीं. आपल्याकडे कुळकर्णी मोडींत लिही ती सभेचीच भाषा असे. ज्याला वाचतां येत नसे त्याला ती ऐकून तरी समजे. माडिया ही द्राविडी कुळांतील बोली. म्हातारी माडियांत बोलते, कोणीतरी तिचें मराठींत सांगतो, दुसरा तें सरकारी मराठींत उतरवितो, आणि खालीं तिचा आंगठा. हे कागद जमविणाऱ्यानें ठरावाच्या प्रतीबरोबर त्या दुभाष्याचें नांव व तो कोणत्या गांवचा, हेंहि टिपून ठेवावें.