ललाटरेषा आणि दंडावरचा वण

जन्मानंतर सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. त्या लेखात पूर्वी बहुतेकांच्या वाट्याला एक ओळ यायची: देवी. रोगाला दैवताचेच नाव; मग तक्रार कोणाकडे करणार? लागण झालेल्या दर दहांपैकी सुमारे तिघे दगावत. काहींची दृष्टी जाई.

१७९६ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गायीच्या देवीची लस टोचून पाहिली. शीतपेटी नव्हती, म्हणून लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत बगदाद, बसरामार्गे मुंबईला आणली गेली. १४ जून १८०२ रोजी तेथे तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला ती टोचली. भारतातले हे पहिले यशस्वी लसीकरण.

तरी देवी हटायला आणखी १७३ वर्षे लागली. एकट्याने टोचून घेतले तर तो वाचतो; रोग गावात राहतोच. १९७० च्या दशकात आरोग्य कर्मचारी रुग्णाचे चित्र दाखवत घरोघर हिंडले. रुग्ण सापडला की त्याच्या आसपासच्या सर्वांना लस टोचली. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण आढळला. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर त्या लशीचे वण आहेत. आमच्या दंडावर नाहीत. गरजच उरली नव्हती. कोणत्या काळात जन्मावे हे आमच्या हाती नव्हते, पण तो काळ इतरांनी घडवला होता.

वर्गात ‘नशिबात होते’ असे कानी आले, तर आपण एवढेच विचारावे: जे एकट्याला बदलता येत नाही, ते सर्वांनी मिळूनही बदलणार नाही का?