भारताच्या विघटनाची भाकिते

भाषा, धर्म, जात व प्रांत यांच्या भेदांमुळे भारत एकसंध राष्ट्र म्हणून टिकणार नाही, असे प्रतिपादन करणारी विधाने व लेखन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश प्रशासक व इतिहासकारांनी त्यांची सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत पाश्चात्त्य पत्रकारांनी त्यांना नवा आधार दिला. भाषावार प्रांतरचनेच्या वादात भारतीय नेत्यांनीही हीच भीती बोलून दाखवली.

वसाहतकालीन मते : इतिहासकार जे. आर. सीली यांनी १८८३ मध्ये ‘द एक्स्पान्शन ऑफ इंग्लंड’ या ग्रंथात भारत हे केवळ भौगोलिक नाव असल्याचे मत मांडले. भारतात दीर्घकाळ प्रशासकीय सेवेत असलेल्या सर जॉन स्ट्रेची यांनी १८८८ मध्ये त्याही पुढे जाऊन, पंजाब, बंगाल आणि मद्रासच्या लोकांना आपण एका राष्ट्राचे आहोत असे कधी वाटणे अशक्य ठरवले. विन्स्टन चर्चिल यांनी १९३१ मध्ये लंडनच्या भाषणात, इंग्रज गेले तर हा देश मध्ययुगीन अराजकाकडे वळेल, असा इशारा दिला. ही मते साम्राज्य टिकवण्याच्या समर्थनाशी जोडलेली होती. फाळणीच्या हिंसाचाराने मात्र त्यांना पुरावा मिळाल्यासारखे झाले.

भाषावार राज्यांची भीती : काँग्रेसने १९२० पासून आपल्या प्रांतिक समित्या भाषावार केल्या होत्या. फाळणीनंतर भाषावार राज्ये देण्यास तेच नेते कचरले. १९४८ च्या धार आयोगाने आणि नेहरू, पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने १९४९ मध्ये सावधगिरीचाच सल्ला दिला. देश फुटेल हे भाकीत अशा रीतीने राज्यकर्त्यांच्या धोरणात उतरले. पोट्टी श्रीरामुलु यांनी तेलुगू राज्यासाठी ऑक्टोबर १९५२ मध्ये उपोषण सुरू केले व १५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर उसळलेल्या आंदोलनापुढे केंद्राला नमावे लागले आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य स्थापन झाले. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, पण मुंबई राज्य द्विभाषिक ठेवले गेले. मराठी भाषकांच्या राज्यासाठी झालेल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मुंबईतील फ्लोरा फाउंटनजवळचा हुतात्मा चौक त्यांची स्मृती जपतो. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये एका राज्याची एक भाषा हे तत्त्व मान्य केले, मात्र एका भाषेची अनेक राज्ये असावीत असे सुचवले. मोठ्या राज्यांमुळे उत्तर व दक्षिण यांच्यात तेढ वाढेल आणि प्रत्येक राज्यात बहुसंख्य जातीचे वर्चस्व होईल, असे त्यांना वाटत होते.

हॅरिसन व मॅक्सवेल : सेलिग हॅरिसन या अमेरिकन पत्रकाराचे ‘इंडिया : द मोस्ट डेंजरस डिकेड्स’ हे पुस्तक १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र व गुजरात स्थापन झाले त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. आंध्रातील जातींचे राजकारण त्यांनी जवळून अभ्यासले होते. प्रादेशिक भाषांत शिकलेला नवा वर्ग आणि एकेका भाषिक प्रदेशात एकवटलेल्या जाती यांच्यामुळे दिल्लीची पकड सुटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतील वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांनी १९६७ च्या चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, ही निवडणूक शेवटची ठरेल असे लिहिले. प्रत्यक्षात त्या निवडणुकीत अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली व विरोधी पक्ष मतपेटीतून सत्तेवर आले.

भाकिते का चुकली : भारतीय राज्यघटना घटक राज्यांना फुटून निघण्याचा अधिकार देत नाही. अनुच्छेद ३ नुसार संसदेला मात्र नवी राज्ये निर्माण करता येतात व सीमा बदलता येतात. संघ अभंग, पण राज्ये बदलती, ही रचना निर्णायक ठरली. मद्रास राज्यातील द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाने आधी स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी केली होती. १९६३ मध्ये सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवारांना देशाच्या अखंडतेची शपथ बंधनकारक केली, तेव्हा पक्षाने ती मागणी सोडली. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनानंतर इंग्रजीचा वापर चालू ठेवण्याची हमी कायद्यात आली आणि १९६७ मध्ये या पक्षाचे नेते अण्णादुराई मुख्यमंत्री झाले.

मिझोरामचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९५९ मध्ये तेव्हा आसामात असलेल्या मिझो डोंगरांतील बांबूला फुलोरा आला, उंदरांची बेसुमार वाढ झाली आणि पिके नष्ट होऊन दुष्काळ पडला. आसाम सरकारच्या अनास्थेने चिडलेल्या मिझोंमध्ये लालडेंगा यांनी मदतकार्यासाठी उभारलेल्या संघटनेतूनच पुढे मिझो नॅशनल फ्रंट निघाली. १ मार्च १९६६ रोजी तिने स्वातंत्र्य घोषित केले. काही दिवसांतच भारतीय हवाई दलाने ऐजवालवर बाँबहल्ला केला. दोन दशकांच्या संघर्षानंतर ३० जून १९८६ रोजी करार झाला, लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि १९८७ मध्ये मिझोराम राज्य बनले. विमानांच्या बाँबहल्ल्यांनी जे साधले नाही ते राज्याच्या दर्जाने व निवडणुकीने साधले.

तुलना : पाकिस्तानने उर्दू लादून बंगाली भाषकांना दूर लोटले व १९७१ मध्ये तो देश दुभंगला. श्रीलंकेत केवळ सिंहलीला राजभाषा करणाऱ्या १९५६ च्या कायद्याने तमिळांचा विश्वास ढळला व पुढे २००९ पर्यंत चाललेल्या गृहयुद्धाला वाट मिळाली. सोव्हिएत संघाच्या विघटनाविषयी तेथील असंतुष्ट लेखक आंद्रेई अमाल्रिक यांनी १९६९ मध्ये केलेले भाकीत स्थूलमानाने खरे ठरले. तेथील घटनेत फुटून निघण्याचा अधिकार कागदावर होता, पण मतभेदांना वाट देणाऱ्या खऱ्या निवडणुका अनेक दशके नव्हत्या.

मूल्यमापन : ही भाकिते पूर्णपणे निराधार नव्हती. काश्मीर, नागालँड, १९८० च्या दशकातील पंजाब आणि २०२३ पासूनचा मणिपूर ही ठिकाणे ताण किती खोल जातो हे दाखवतात. १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेले लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप पुन्हा ठरवण्याचा प्रश्न उत्तर व दक्षिण यांच्यातील जुना संशय जागा करू शकतो. भाकीतकारांनी भेद अचूक ओळखले. मात्र भेदांना मान देण्याची लोकशाहीची ताकद त्यांनी हिशेबात धरली नाही. तेलुगू, मराठी, तमिळ आणि मिझो लोकांनी आपली ओळख ठेवूनच भारत आपला मानला. प्रादेशिक मागण्यांना देशद्रोह समजण्याची सवय सोडणे, हीच देशाच्या एकतेची खरी राखण आहे.