हसण्यामागचा हिशेब : जेन ऑस्टिन आणि काशीबाई कानिटकर

जेन ऑस्टिन या इंग्रज कादंबरीकर्तीची चटपटीत वाक्ये सुविचारांसारखी वेगळी काढून वाचण्याची प्रथा आहे. तशी ती गोड लागतात. मूळ जागी ठेवून वाचली, की त्यांच्याखाली पैशाचा हिशेब दिसू लागतो.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मध्ये नायकाचा स्वभाव उलगडण्याआधी त्याचे उत्पन्न कळते : वर्षाला दहा हजार पौंड. बेनेट कुटुंबाच्या इस्टेटीचे उत्पन्न दोन हजारांचे. पण पाच मुलींपैकी एकीलाही ती मिळायची नाही. पुरुष वारस म्हणून ती कॉलिन्स नावाच्या नातलगाकडे जाणार. आईच्या लग्नघाईला आपण हसतो खरे, पण उद्या मुलींच्या डोक्यावर छप्पर राहणार नाही ही तिची धास्ती खोटी नाही. सत्तावीस वर्षांची शार्लट याच कॉलिन्सशी समजून-उमजून लग्न करते. लेखिका कॉलिन्सची यथेच्छ टर उडवते, शार्लटला मात्र हास्यास्पद करत नाही. तिचे शहाणपण मला इथे दिसते.

हा हिशेब तिच्या अंगवळणी पडलेला होता. शालेय शिक्षण जेमतेम; बाकीचे धर्मोपदेशक वडिलांच्या ग्रंथसंग्रहातून. पहिल्या कादंबरीवर (१८११) नावाऐवजी ‘एक स्त्री’ एवढेच छापले होते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने एकशे दहा पौंडांना विकले, तिला दीडशे हवे होते. हयातीत तिच्या एकाही कादंबरीवर तिचे नाव आले नाही.

मराठीत तिच्याशेजारी मी काशीबाई कानिटकरांना (१८६१–१९४८) बसवतो. एकीचा दुसरीवर प्रभाव होता, असे मला सुचवायचे नाही. साम्य परिस्थितीचे आहे. काशीबाई शाळेत गेल्या नाहीत. नवव्या वर्षी लग्न झाले, ते कवी गोविंद वासुदेव कानिटकरांशी. अक्षरओळख सासरी झाली आणि पुढचे शिक्षण वाचनातून. हरिभाऊ आपट्यांशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह होता. डॉ. आनंदीबाई जोशींच्या निधनानंतर (१८८७) त्यांनी आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. ‘रंगराव’ १९०३ मध्ये, ‘पालखीचा गोंडा’ १९२८ मध्ये पुस्तकरूपाने आली. ही दुसरी कादंबरी मला विशेष वाटते. तिच्यात मनाने अधू असलेल्या राजाशी लग्न लावून दिलेली मुलगी रडत बसत नाही. राज्यकारभार हाती घेते आणि बायकांच्या हिताची व्यवस्था उभारते. ऑस्टिनने लग्नाचा व्यवहार जसा आहे तसा दाखवून हसवले. काशीबाईंनी तो व्यवहार उलटा करून पाहिला. प्रश्न दोघींचा एकच : मिळकत आणि अधिकार बाईच्या हाती नसेल, तर तिच्या पसंतीला अर्थ किती?

पैनगंगेकाठच्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या किनवटात हा प्रश्न जुना झालेला नाही. काशीबाई वारल्या त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, आमचा मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. तोवर इकडे शाळा थोड्या आणि शिक्षणाची भाषा उर्दू. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सहज मिळणारी मराठी पुस्तके आमच्या आज्यांच्या हाती पडली नाहीत. पण जात्यावरच्या ओव्यांत आणि उखाण्यांत सासरचा हिशेब मांडण्याचे चातुर्य त्यांच्याकडे होते. त्याला आपण ‘टोमणा’ म्हणून सोडून दिले. तेच छापील पानावर आले की ‘विनोदबुद्धी’ म्हणतो.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. कायद्याने बेनेट मुलींची अडचण सुटली. तरीही माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही गावोगाव भेटतात, आणि सातबाऱ्यावर भावांचीच नावे उरतात. स्थळ सांगताना ‘बागायत किती, नोकरी कोणती’ हे मुलाच्या नावाआधी येते. म्हणूनच ऑस्टिन वाचताना तिच्या वाक्यांबरोबर तिने दिलेले आकडेही वाचावेत, आणि काशीबाईंची पुस्तके वाङ्मयेतिहासाच्या तळटीपेतून काढून पुन्हा वाचनालयाच्या फळीवर आणावीत.