दूरच्या संदेशांचे श्रोते

अवकाशयुगाचा इतिहास आपण बहुधा प्रक्षेपणांचा इतिहास म्हणून वाचतो. यानांची नावे त्यात ठळक असतात. त्यांचे संदेश टिपणाऱ्या अँटेनांच्या वाट्याला तळटीप येते. वस्तुतः संदेश ग्रहण करणारे कोणी नसेल, तर यान गेले काय आणि न गेले काय, सारखेच.

कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटात, गोल्डस्टोन येथे, १९५८ साली २६ मीटर व्यासाचा अँटेना उभा राहिला. त्याची रचना रेडिओ-खगोलशास्त्रातील तबकड्यांवर बेतलेली होती. जागा निवडली ती भोवतालच्या टेकड्यांमुळे. मानवी वस्तीचा रेडिओ-कोलाहल त्यांच्यामुळे अडत असे. मार्च १९५९ मध्ये त्याने पायोनियर ४ चा क्षीण संदेश सुमारे साडेसहा लाख किलोमीटरांपर्यंत ऐकला.

परंतु पृथ्वी फिरत असल्याने एका ठिकाणाहून दूरचे यान दिवसाचे काही तासच टप्प्यात राहते. म्हणून ऑस्ट्रेलियात वूमेरा येथे १९६० मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १९६१ मध्ये आणखी केंद्रे उभारली गेली. १९६३ च्या अखेरीस या साखळीला 'डीप स्पेस नेटवर्क' हे नाव मिळाले. सोव्हिएत संघाने १९६० मध्ये क्रायमियात येव्पातोरिया येथे निराळा मार्ग पत्करला. तेथे एकेका सांगाड्यावर १६ मीटरच्या आठ तबकड्या बसवल्या होत्या. आणि तो अवाढव्य सांगाडा फिरवण्यासाठी युद्धनौकेवरील तोफांच्या बुरुजाची यंत्रणा वापरली होती. मारा करण्यासाठी घडवलेले यंत्र येथे ऐकण्याच्या कामी आले.

या श्रवणाची खरी कसोटी लागली ती जुलै १९६५ मध्ये. मरिनर ४ ने मंगळाजवळून जाताना टिपलेली छायाचित्रे वीस कोटींहून अधिक किलोमीटरांवरून येत होती, सेकंदाला जेमतेम आठ बिट या वेगाने. प्रत्येक चित्रात २०० ओळी, प्रत्येक ओळीत २०० ठिपके. एक चित्र पुरे उतरायला सुमारे आठ तास लागत. पासाडेनाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांना तेवढाही धीर धरवेना. त्यांनी आकड्यांच्या छापील पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि प्रत्येक आकड्याला एक छटा ठरवून रंगीत खडूंनी हाताने चित्र भरले. जवळून टिपलेल्या मंगळाचे पहिले दर्शन असे रेखाटनातून घडले.

साहित्याच्या अभ्यासकाला ही घटना परकी वाटू नये. आलेले होते ते केवळ आकडे; त्यांचा मंगळ झाला तो ग्रहण करणाऱ्यांच्या हातून. तळटीपेतल्या या श्रोत्यांना इतिहासाच्या मुख्य संहितेत स्थान द्यायला हवे, ते याचसाठी.