काळ्या कागदावरची फुलं

पाऊल हळू टाका, त्यांचं लक्ष विचलित होऊ देऊ नका. साल १७७२. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यातलं बुलस्ट्रोड हे पोर्टलंडच्या डचेसचं घर. बाहेर पानगळ सुरू आहे आणि टेबलाशी बसल्या आहेत बहात्तर वर्षांच्या मेरी डिलेनी. चार वर्षांपूर्वी पती गेले, तेव्हापासून दर वर्षी त्या या मैत्रिणीकडे मुक्कामाला येतात.

समोर जिरेनियमचं लालभडक फूल आहे, शेजारी चिनी कागदाचा एक तुकडा. दोन्हींचा लाल रंग हुबेहूब जुळतोय, हे त्यांच्या आत्ताच ध्यानात आलंय. त्या कात्री उचलतात आणि एकेक पाकळी कापू लागतात. तेवढ्यात डचेस आत येते, त्या पाकळ्या पाहते आणि विचारते, खरं फूल का कुस्करलंस?

एका कलेचा जन्म तुम्ही पाहिलात.

आता पाच वर्षं पुढे चला. १७७७. टेबलावर पॅशनफ्लॉवर आहे, आपल्या कृष्णकमळाच्या जातीतलं. जवळ वाका. त्या एका फुलात कागदाच्या २३० पाकळ्या आहेत. केसाएवढ्या बारीक पट्ट्या, एकीवर एक चिकटवलेल्या, मध्ये कुठे जलरंगाचा हलका हात. पानाच्या शिरेसाठी वेगळ्या हिरव्या कागदाचा कपटा, सावलीसाठी आणखी एक. सगळं काळ्या रंगवलेल्या कागदावर. मागच्या बाजूला निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या पद्धतीनं वनस्पतीचं नाव, कारण वनस्पतिशास्त्रज्ञांनाही चालेल इतकं ते अचूक असायला हवं. क्यूच्या शाही बागेतूनही त्यांच्याकडे रोपं येतात.

हा काळा रंग मला फार मोलाचा वाटतो. तिशी-चाळिशीत त्यांनी राजदरबारासाठी एक पोशाख आखला होता, काळ्या रेशमावर बागेतली फुलं भरलेला. मधल्या काळात डब्लिनजवळच्या घरात शिंपल्यांची नक्षी केली, भरतकाम केलं, बाग राखली. सतराव्या वर्षी साठीला टेकलेल्या माणसाशी घरच्यांनी पहिलं लग्न लावून दिलं, त्या दिवसांतही हातात सुई होतीच. बायकांच्या अशा कामाला आपण सरसकट विरंगुळा म्हणून मोकळे होतो. पण त्या सुईनंच बोटांना शिकवलं होतं, काळ्यावर फूल कसं उजळतं. म्हातारपणी कात्रीला ते नव्यानं शिकावं लागलं नाही.

१७८२. खिडकीजवळ बसूनही आता नीट दिसत नाही. हजार फुलं करायची होती, ९८५ झाली. कात्री खाली ठेवावी लागते. १७८८ मध्ये त्या जातात.

आता तुम्ही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहात. १८९७ पासून ती फुलं इथे आहेत. फिसॅलिस या रोपट्याचा कागद मागून घ्या. त्याची केशरी फळं कंदिलासारख्या टरफलात असतात. टरफल वाळलं की हिरवा-केशरी गर झडतो आणि नुसती शिरांची जाळी उरते. मेरी डिलेनींनी ती कापून केली नाही. खरीच जाळी उचलून कागदाच्या फळांमध्ये चिकटवली. चष्मा लावून पाहा. शिरा अजून शाबूत आहेत.