मातीच्या किल्ल्यापासून शाळेच्या गच्चीपर्यंत

बांगलादेशाच्या दक्षिण किनाऱ्यावर सपाट भातशेतीत मधूनच मातीचे उंच, सपाट माथ्याचे ढिगारे दिसतात. त्यांना तिथले लोक ‘किल्ला’ म्हणतात. तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. ज्याच्यापासून राखण करायची तो शत्रू म्हणजे समुद्र. सरकारी कागदांत आपण ज्याला ‘बहुउद्देशीय चक्रीवादळ निवारा केंद्र’ म्हणतो, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक.

त्याच्या जन्मामागे १२ नोव्हेंबर १९७० ची रात्र आहे. भोला चक्रीवादळाने ढकललेलं पाणी ऐन भरतीत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात घुसलं आणि तीन ते पाच लाख माणसं गेली. रेडिओवरचा इशारा अनेकांच्या कानी पडला होता. पण ऐकून जायचं कुठे? पाण्याच्या वर राहील अशी जागाच नव्हती. देश स्वतंत्र झाल्यावर शेख मुजीबुर रहमान यांच्या काळात मातीचे भराव उभे राहिले, म्हणून ते ‘मुजिब किल्ले’. गुरांनाही तिथे जागा होती. घरातली एकुलती एक गाय पाण्यात सोडून शेतकरी पळणार नाही, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. त्याच सुमारास रेड क्रॉसच्या मदतीने स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. हाती बावटा, भोंगा आणि सायरन घेऊन घरोघर सांगत फिरणारी ही गावातलीच माणसं होती.

२९ एप्रिल १९९१ च्या वादळात चितगावच्या किनाऱ्यावर सुमारे १ लाख ३८ हजार बळी गेले. काँक्रीटचे निवारे तोवर काही ठिकाणी झाले होते आणि आत पोचलेले वाचले. पण मृतांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच अधिक होतं. नवऱ्याची वाट पाहत, पोरं सांभाळत त्या घरी थांबल्या होत्या. परपुरुषांच्या गर्दीत आडोसा नसलेल्या इमारतीत रात्र काढण्याचा संकोचही होता. पुढच्या आराखड्यांत बायकांसाठी वेगळी खोली आणि शौचालय आलं. इमारत खांबांवर उचलली, म्हणजे पाणी खालून वाहून जाईल. आणि तिथे रोज शाळा भरू लागली.

ओडिशाने हा धडा स्वतःची किंमत मोजून घेतला. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. किनाऱ्यावर तेव्हा रेड क्रॉसचे अवघे २३ निवारे होते. त्यांनी हजारोंना तारलं. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी वेगळी यंत्रणा उभारली आणि शेकडो निवारे बांधले. व्हीलचेअरसाठी उतार आला, गावाची देखभाल समिती आली, वर्षाकाठी सराव आला. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे उडाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. वर्षभरात तौक्ते आलं. अरबी समुद्र शांत आहे या समजुतीवर आता घर बांधता येणार नाही. कोकणातही निवारा केंद्रांची कामं निघाली आहेत, आणि इथेच हा मागोवा उपयोगी पडतो.

गाय, संकोच, व्हीलचेअर, समिती: निवाऱ्याच्या प्रत्येक पिढीत जे नव्याने आलं ते आधीच्या वादळात कुणाला तरी मिळालं नव्हतं. इमारतीचं अंदाजपत्रक करताना ही यादी समोर हवी. रोजच्या वापरातली इमारतच वेळेला उघडी सापडते. वर्षभर बंद असलेल्या दाराला गंज चढतो. म्हणून गावात निवारा मंजूर झाला की ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारावा. किल्ला तर बांधताय, वादळाच्या रात्री दोन वाजता त्याची किल्ली कुणाच्या घरी मिळेल?