कोऱ्या आकाशाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील निसर्गछायाचित्रे पाहताना एक गोष्ट आम्हांस नेहमी खटकत आली आहे. डोंगर, देवदार, नदीपात्रातील धोंडे रेखीव उमटलेले असतात. वरचे आकाश मात्र कोऱ्या कागदासारखे! सॅम्युअल बोर्न यांची हिमालयातील चित्रेच घ्या. १८६३ साली हिंदुस्थानात आलेल्या या छायाचित्रकाराने १८६६ साली मणिरंग खिंडीत, १८ हजार फुटांहून अधिक उंचीवर, आपला कॅमेरा उभारला. काचा, रसायने आणि अंधारा तंबू हमालांच्या पाठीवरून वर गेला. तरीही त्यांच्या कित्येक चित्रांत आकाश रिते आहे. हिमालयात तेव्हा ढग नव्हते काय?

दोष आकाशाचा नव्हता, काचेचा होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवरचा लेप ओला असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे. छाप बहुधा काचेच्याच आकाराची निघत असल्याने काचही मोठी लागे. हा लेप निळ्या प्रकाशाने चटकन भारला जाई. हिरव्या-तांबड्या रंगांना जवळजवळ दाद देत नसे. परिणामी झाडी उमटेपर्यंत आकाशाचा भाग काचेवर दाट काळा होई, आणि कागदावर ढग व निळाई यांतील भेदच नाहीसा होई.

फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास यावर युक्ती योजली. काही सागरचित्रांसाठी त्यांनी समुद्राची एक व आकाशाची दुसरी अशा दोन काचा क्षितिजरेषेवर सांधून छापल्या. एकच मेघमाला त्यांच्या एकाहून अधिक चित्रांत आढळते! हिला लबाडी म्हणावे काय? आमच्या मते, कोरे आकाश तरी कोठे खरे होते?

१८७३ साली हेर्मान फोगेल यांनी योग्य रंगद्रव्य मिसळल्यास लेप इतर रंगांनाही जागा होतो, हे दाखविले. १९०६ साली सर्व रंगांना दाद देणाऱ्या काचा बाजारात आल्या. भिंगापुढे पिवळी वा तांबडी काच धरली की निळाई गडद होई व शुभ्र ढग उठून दिसत. अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली हर्नांडेझ गावावरील चंद्रोदय, ढगांच्या पट्ट्यासह, ८ बाय १० इंचांच्या एकाच फिल्मवर टिपला. पुढे मात्र त्याच चित्राच्या छापांत ते आकाश अधिकाधिक काळे करीत गेले. साधने सुधारली, तरी आकाश किती दाखवावे हा निर्णय माणसाकडेच राहिला.

सरकारी दप्तरांत हयात घालविलेल्या आम्हांस यातून एक बोध होतो. नोंदीतील कोरी जागा म्हणजे काही घडलेच नाही, असा पुरावा नव्हे. नोंद करणाऱ्या साधनाला काय दिसत नव्हते, हे आधी विचारावे लागते. पन्नास वर्षांचा मागोवा घेणाऱ्या या स्मरणिकेत एवढे स्मरण अनाठायी ठरू नये.